होय ते होय: शपथेविना बोलण्याची जुनी गोष्ट

‘आईशप्पथ, खरं सांगतोय!’ घरात, बाजारात, एसटीत हे आपण रोज ऐकतो आणि बोलतोही. या दोन-तीन शब्दांत एक कबुली आहे: शप्पथ न घालता बोललेलं तितकंसं धरू नका. ख्रिस्ती परंपरेत रोजच्या बोलण्यातल्या खरेपणावर जो वाद झाला, तो पुन्हा पुन्हा याच ठिकाणी येऊन अडला.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, डोंगरावरील प्रवचनात येशू शपथच घेऊ नका म्हणतो. आकाशाची नको, पृथ्वीची नको, यरुशलेमची नको. स्वतःच्या मस्तकाचीही नको, कारण त्यावरचा एक केस काळा की पांढरा करणं माणसाच्या हाती नाही. तुमचं ‘होय’ ते होय आणि ‘नाही’ ते नाही, एवढंच असावं. ही यादी उगाच आलेली नाही. देवाचं नाव टाळून दुसऱ्या कशाची तरी शपथ घ्यायची, म्हणजे ती मोडली तरी चालते, अशी पळवाट लोकांनी काढली होती. मंदिराची शपथ बांधत नाही, मंदिरातल्या सोन्याची बांधते, असं शिकवणाऱ्यांना याच शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात येशूने फटकारलं आहे.

पुढे ३८७ साली रोमन साम्राज्यातल्या अंत्युखिया शहरात कराविरुद्ध दंगल उसळली, रोमन बादशहाचे पुतळे फोडले गेले, आणि शिक्षेच्या भीतीने शहर गारठलं. त्या दिवसांत तिथले ख्रिस्ती धर्मोपदेशक योहान ख्रिसोस्तोम यांनी जी प्रवचनं दिली, त्यांत ते सारखे एकाच सवयीकडे वळतात: शपथा घेणं. बायबलमधल्या हेरोद राजाने, दिलेल्या शपथेपायी, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर कापवलं. ते शिर डोळ्यांसमोर ठेवूनच घरी जा, असं त्यांनी श्रोत्यांना बजावलं. एवढं संकट दारात असताना प्रवचनकाराला लोकांची जीभ महत्त्वाची वाटली, हे मला फार मोलाचं वाटतं.

तरी मुख्य चर्चने शपथ पूर्णपणे नाकारली नाही. प्रेषित पौल बायबलमधल्या आपल्या पत्रांत देवाला साक्षी ठेवतोच, हा त्यामागचा आधार. गंभीर कारण असेल तर शपथ चालेल, असं ठरलं आणि न्यायालयात शुभवर्तमानावर हात ठेवण्याची रीत रुळली. १५२७च्या श्लाइटहाइम कबुलीजबाबात अ‍ॅनाबॅप्टिस्ट या सुधारणावादी ख्रिस्ती पंथाने मात्र शपथ साफ नाकारली.

या गोष्टीचा सगळ्यात जिवंत भाग सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये, क्वेकर या ख्रिस्ती पंथाकडे आहे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. न्यायालयात शपथ घेऊन खरं बोलायचं, तर मग दुकानात, घरात आम्ही काय बोलतो? खरेपणाची दोन मापं त्यांना मान्य नव्हती. १६६२च्या कायद्याने शपथ नाकारणं हा गुन्हा ठरला आणि हजारो क्वेकर तुरुंगात गेले. १६६४ साली लँकेस्टरच्या न्यायालयात क्वेकर पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांच्या हातात शपथेसाठी बायबल दिलं गेलं. हेच पुस्तक शपथ घेऊ नका म्हणतं, मीही तेच म्हणतो. मग मला कैद करता, तर पुस्तकाला का नाही, असा त्यांचा सवाल होता.

हाच आग्रह दुकानातही आला. घासाघीस म्हणजे खोटा भाव सांगून खऱ्यावर येणं, म्हणून क्वेकर व्यापारी एकच भाव सांगत. सुरुवातीला गिऱ्हाइकं तुटली. फॉक्स लिहितात, की नंतर लोकांच्या ध्यानात आलं, या दुकानात लहान मूल पाठवलं तरी ते फसणार नाही. मग गिऱ्हाईक परतलं.

१६९६ साली इंग्लंडच्या संसदेने क्वेकरांना शपथेऐवजी प्रतिज्ञा करू दिली. पण तिच्यात ‘सर्वशक्तिमान देवासमक्ष’ हे शब्द होते. ही आडून शपथच झाली, म्हणून अनेक क्वेकर अस्वस्थ राहिले आणि १७२२ साली ते शब्द गेले. जोसेफ पीज या क्वेकर खासदाराला शपथेविना संसदेत बसायला १८३३ उजाडलं.

आपल्याकडे १८४०च्या पाचव्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या न्यायालयांत हिंदू आणि मुसलमान साक्षीदारांसाठी गंगाजल व कुराणावरच्या शपथा बंद झाल्या, त्यांच्या जागी गंभीर प्रतिज्ञा आली, आणि तिच्यात पुन्हा ते ‘देवासमक्ष’ होतं. आज राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत दोन वाटा शेजारी-शेजारी छापलेल्या आहेत: ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’. दुसरीत देवाचं नाव नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने तिचं वजन पहिलीइतकंच आहे.