पार्श्वभूमी : तिथी, युती आणि अयनांशांचा घोळ

महिन्याभराच्या चंद्रकला आणि ग्रहयुती आज मिनिटापर्यंत छापून येतात. छापील वेळ आकाशाशी जुळू लागली ती मात्र अलीकडे. १५२० च्या ‘ग्रहलाघव’ या ग्रहगणिताच्या ग्रंथाने ज्या-कोज्यांना (साइन-कोसाइनना) फाटा देऊन गणित सोपे केले आणि पुढे साडेतीनशे वर्षे इकडची पंचांगे त्यावरच निघाली. जुने चंद्रगणित ग्रहणांवर बेतलेले होते. त्यामुळे पौर्णिमा-अमावास्या बऱ्यापैकी जमत, पण अष्टमीच्या सुमारास चंद्र अडीच अंशांपर्यंत चुके आणि तिथीची वेळ पाच तासांपर्यंत हुके. ‘बाणवृद्धी रसक्षय’, म्हणजे तिथी ५४ ते ६५ घटींचीच (एक घटी २४ मिनिटांची), हा नियम त्याच गणितातला. प्रत्यक्षात ती ५० ते ६७ घटी भरते.

१८६५ च्या सुमारास वेधांशी, म्हणजे प्रत्यक्ष निरीक्षणांशी, जुळणारे पंचांग निघाले आणि खरा वाद पेटला तो अयनांशांवरून, म्हणजे वसंतसंपात (मार्चमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो बिंदू) आणि राशिचक्राचा आरंभ यांतल्या अंतरावरून. राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या योगतारेपाशी (नक्षत्राच्या मुख्य ताऱ्यापाशी) धरायचा की चित्रेच्या बरोबर समोर? दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक. मुंबईत १९०४ मध्ये परिषद भरली, पुढे पुण्यात आणि सांगलीतही खल झाला. चित्रा कोणालाही बोट दाखवून दाखवता येते. रेवतीची ती तारा शहरी उजेडात दिसतही नाही. तरी टिळक पंचांगाने रेवती धरली, म्हणून त्याची मकरसंक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. दोन्ही पक्षांच्या संक्रांतींमधल्या अशा चार दिवसांत अमावास्या सापडली, की अधिक मासच बदलतो आणि सण महिनाभर सरकतात. सरकारी समितीने १९५० च्या दशकात चित्रापक्ष घेतला, २१ मार्च १९५६ साठी अयनांश २३ अंश १५ कला ठरवून. रेवतीवाले काही हटले नाहीत.

तिथीला मात्र या भांडणाची झळ नाही. ती ठरते सूर्य-चंद्रातल्या अंतरावरून, आणि ते आरंभबिंदू कुठेही धरला तरी तेच राहते. युतीचेही तसेच. बदलते ती फक्त ग्रहाची रास, आणि पंचांगातली रास म्हणजे त्याच नावाचा तारकासमूह नव्हे.

कोल्हापुरात गोंधळ होतो तो संकष्टीला, मुंबईची वेळ धरल्याने. रेखांशामुळे चंद्रोदय इथे साडेपाच मिनिटे आधी होतो. चंद्र फार दक्षिणेला असेल तर फरक दहा मिनिटांवर जातो, फार उत्तरेला असेल तर जेमतेम मिनिटभर उरतो. पूर्वेला डोंगर किंवा उंच इमारत असेल तर आणखी उशीर धरावा. कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात मावळत्या सूर्याचे किरण मूर्तीपर्यंत पोचतात, त्या किरणोत्सवाला तिथी लागतच नाही : नोव्हेंबर आणि जानेवारीअखेर-फेब्रुवारी, दोन्ही वेळा सूर्याची क्रांती (विषुववृत्तापासूनचे अंतर) दक्षिण १७ अंशांच्या आसपास असते, म्हणून तो इंग्रजी तारखांना येतो.