धर्मादाय रुग्णालयातली राखीव खाट: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज नेमका कधी करायचा

पुण्यात घरातलं कुणी आजारी पडलं, मोठ्या रुग्णालयात न्यायची वेळ आली, की काउंटरवर आपला पहिला प्रश्न असतो, ‘डिपॉझिट किती?’ त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: ‘हे धर्मादाय रुग्णालय आहे ना? मग इथले सोशल वर्कर कुठे बसतात?’

रुबी हॉल, जहांगीर, दीनानाथ मंगेशकर, रास्ता पेठेतलं केईएम, पूना हॉस्पिटल ही सगळी नावं आपण ‘मोठी खाजगी हॉस्पिटलं’ म्हणून घेतो. कागदोपत्री ती धर्मादाय न्यासांची रुग्णालयं आहेत. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात अशी आणखीही बरीच आहेत. त्यांतल्या वीस टक्के खाटा गरीब आणि अल्प उत्पन्नाच्या रुग्णांसाठी राखून ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे, हे मला चाळिशीत कळलं, आणि कळलं तेही डिस्चार्जच्या दिवशी.

काका सासवडजवळ राहायचे. घरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. पुण्यातल्या एका रुग्णालयात ऑपरेशन झालं. काकूंनी पाटल्या गहाण टाकल्या, आम्ही भावंडांनी मिळेल तिथून उसने घेतले. शेवटचं बिल भरून औषधाच्या दुकानाकडे वळलो, तर जिन्याखालच्या भिंतीवर योजनेचा फलक. सोशल वर्करकडे धावलो. त्यांनी शांतपणे सांगितलं, बिल भरून झालंय, आता फाईल करता येणार नाही, पहिल्या दिवशी यायला हवं होतं. काकांचं उत्पन्न योजनेत अगदी चपखल बसत होतं. त्या दिवसापासून ओळखीत कुणी अॅडमिट झालं की मी हेच सांगत सुटतो: पहिल्या दिवशी जा आणि जे मागायचं ते लेखी मागा.

हे पैसे कोण देतं?

हे आधी समजून घ्या, म्हणजे मागताना मान खाली जात नाही. न्यासाच्या रुग्णालयाला समाजाकडून खूप काही मिळालेलं असतं. कुठे सरकारी जमीन सवलतीत, कुठे वाढीव चटईक्षेत्र, कुठे आयकरात सूट. म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातले पैसे त्या इमारतीत आधीच गेलेले आहेत. त्याची परतफेड म्हणून महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मध्ये कलम ४१ कक आहे. अशा सवलती घेणाऱ्या आणि वर्षाला पाच लाखांपेक्षा जास्त खर्च असलेल्या न्यासांच्या रुग्णालयांना ते लागू होतं.

कलम होतं, पण अंमलबजावणी धड नव्हती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं ऑगस्ट २००६ मध्ये सविस्तर योजना मंजूर केली आणि ती १ सप्टेंबर २००६ पासून लागू झाली. आज जे चालतं ते याच योजनेवर.

योजनेचा कणा म्हणजे ‘निर्धन रुग्ण निधी’. रुग्णालयात सगळे त्याला ‘आयपीएफ’ म्हणतात. रुग्णालयानं बाकीच्या रुग्णांकडून जेवढं बिल आकारलं असेल, त्या एकूण रकमेचे दोन टक्के या वेगळ्या खात्यात टाकायचे आणि गरीब रुग्णांची बिलं त्यातून वळती करायची. शंभर रुपयांतले दोन रुपये. म्हणजे शेजारच्या डिलक्स खोलीतला रुग्ण जे बिल भरतो, त्यातल्या थोड्याशा वाट्यावर जनरल वॉर्डातल्या माणसाचा उपचार होतो. ही व्यवस्था मला न्याय्य वाटते, आणि म्हणूनच ‘फुकट्या’ हा शब्द कुणी वापरला की राग येतो.

कोण बसतं यात

दोन गट आहेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांपर्यंत असेल तर रुग्ण ‘निर्धन’. दहा टक्के खाटा त्यांच्यासाठी, उपचार मोफत. उत्पन्न त्याहून जास्त पण तीन लाख साठ हजारांपर्यंत असेल तर ‘दुर्बल घटक’. आणखी दहा टक्के खाटा त्यांच्यासाठी, निम्म्या खर्चात. दोनशे खाटांचं रुग्णालय असेल तर वीस अधिक वीस, अशा चाळीस.

महिन्याच्या हिशेबात सांगायचं तर पहिली मर्यादा पंधरा हजारांची, दुसरी तीस हजारांची. वडील सोसायटीत वॉचमन, पगार चौदा हजार. आई तीन घरी पोळ्या करते, सहा हजार मिळतात. महिन्याचे वीस, वर्षाचे दोन लाख चाळीस हजार. हे घर दुर्बल घटकात बसतं. अशी हजारो घरं आहेत आणि त्यांतली बहुतेक स्वतःला ‘गरीब’ या शब्दात धरत नाहीत, म्हणून विचारतच नाहीत. कृपा करून विचारा.

कागदपत्रं, आणि त्यातला खरा अडथळा

रुग्णाचं आधार कार्ड, रेशनकार्ड, डॉक्टरांनी भरतीसाठी दिलेली चिठ्ठी, आजवरचे रिपोर्ट. हे बहुधा घरात असतं. नसतो तो तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आणि गाडी तिथेच अडते.

योजनेनुसार तहसीलदारांचा दाखला किंवा रेशनकार्ड, दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असा पुरावा चालतो. पिवळं कार्ड असेल तर प्रश्न सहसा येत नाही. केशरी कार्डाची मर्यादा एक लाख उत्पन्नाची आहे, आणि योजनेची त्याहून वरची. त्यामुळे वर्षाला दीड लाख कमावणाऱ्या घराकडे शुभ्र कार्ड असू शकतं, तरीही ते ‘निर्धन’ गटात बसतं. शुभ्र कार्ड पाहून कुणी परत पाठवलं तर हे सांगा आणि दाखला पुढे करा. म्हणून मी म्हणतो, रेशनकार्ड कोणत्याही रंगाचं असो, दाखला काढून ठेवाच.

दाखला ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा महा ई-सेवा केंद्रातून काढता येतो. नोकरी असेल तर पगारपत्रक किंवा फॉर्म १६, शेती असेल तर सातबारा. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, म्हणजे घरकाम करणाऱ्या, बिगारी, भाजीची गाडी लावणारे, त्यांनी स्वयंघोषणापत्र आणि तलाठ्यांचा उत्पन्नाचा अहवाल जोडायचा. तलाठी गाठणं हेच वेळखाऊ काम, त्यामुळे ते आधी करा. दाखला रुग्ण जिथे राहतो त्या तालुक्यातून निघतो. पेठांमधल्या माणसाचा पुणे शहर तहसीलमधून, उपनगरातल्या बऱ्याच जणांचा हवेलीतून. आमच्या काकांचा पुरंदरमधून निघाला असता, जरी ते पुण्यात खाटेवर पडले होते तरी. सेवा हमी कायद्यानुसार मुदत पंधरा दिवसांची आहे, आणि मोडलेलं हाड पंधरा दिवस थांबत नाही. अर्ज केल्याची पावती, रेशनकार्ड आणि ‘दाखला येताच जमा करतो’ असं लेखी पत्र, एवढं घेऊन पहिल्याच दिवशी सोशल वर्करकडे जा. फाईल उघडलेली असणं महत्त्वाचं.

रुग्णालयात गेल्यावर

तातडीचा रुग्ण असेल तर कागदांचा विचारही करू नका. योजनेत स्पष्ट लिहिलंय की तातडीच्या रुग्णाला लगेच दाखल करून घ्यायचं, जीव वाचवणारे उपचार द्यायचे, स्थिर होईपर्यंत सांभाळायचं आणि गरज असेल तर सरकारी रुग्णालयात पोचवायची सोय करायची. त्यासाठी अनामत रक्कम मागायची नाही. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर हाच अनामतीचा मुद्दा राज्यभर पेटला होता. तो नियम नवा नव्हता. २००६ पासून कागदावर होता. लोकांना माहीत नव्हता, आणि ज्यांना माहीत होता त्यांनी तो पाळला जातोय का हे पाहिलं नाही.

ठरवून करायची शस्त्रक्रिया असेल तर भरतीच्या आधी सोशल वर्करना भेटा. ‘धर्मादाय योजनेखाली निर्धन (किंवा दुर्बल घटक) रुग्ण म्हणून खाट मिळावी’ असा दोन ओळींचा अर्ज लिहा, कागदपत्रांच्या प्रती जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज रुग्णालयाच्या ईमेलवर पाठवा. तोंडी बोलणं नंतर कुणालाच आठवत नाही.

‘खाटा भरल्या आहेत’ हे उत्तर हमखास येतं. कधी ते खरंही असतं. तेव्हा नम्रपणे विचारा की राखीव खाटा किती आणि आज त्यावर किती रुग्ण आहेत, आणि हे लिहून मागा. धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावरही रुग्णालयवार राखीव आणि रिकाम्या खाटा पाहता येतात. निघण्याआधी तो आकडा फोनवर उघडून स्क्रीनशॉट काढून ठेवा. दुसरं ठरलेलं उत्तर ‘फंड संपला’. त्या निधीचा हिशेब धर्मादाय कार्यालयाकडे द्यावा लागतो, म्हणून हेही लेखी मागा. लेखी मागितलं की बऱ्याचदा संभाषणाचा सूर बदलतो, हे मी चार-पाच वेळा पाहिलंय.

बिल वाचायचं कसं

खाटेचं भाडं, निवासी डॉक्टर, परिचारिका, चादरी, पाणी, वीज, नेहमीच्या साध्या तपासण्या, रुग्णालय देत असेल तर जेवण, यांचे पैसे या रुग्णांना लावायचेच नाहीत. बाकीच्या सेवांना त्या रुग्णालयातल्या सगळ्यात खालच्या वर्गाचा दर लागतो. औषधं, साहित्य आणि शरीरात बसवायच्या वस्तू रुग्णालयाला ज्या दरानं मिळाल्या त्या खरेदी किमतीनं, छापील किमतीनं नव्हे. डॉक्टरांनी आपली फी सोडली तर ती बिलात येत नाही. निर्धन रुग्णाचं असं तयार झालेलं बिल निधीतून वळतं होतं. दुर्बल घटकाला औषधं आणि साहित्याच्या बिलाचा किमान निम्मा भाग स्वतः भरावा लागतो.

समजा, दुर्बल घटकातल्या रुग्णाचं खालच्या वर्गाच्या दरानं शस्त्रक्रिया वगैरे साठ हजार झालं आणि खरेदी किमतीनं औषधं, साहित्य पन्नास हजार. निम्म्याच्या हिशेबानं घरच्यांवर पंचावन्न हजार येतात. एरवी खाटेचं भाडं आणि छापील किमती धरून हाच आकडा कुठल्या कुठे जातो. म्हणून तपशीलवार बिल मागा. ‘औषधं: एकूण’ अशी एक ओळ असेल तर खरेदी किंमत लावली की नाही हे कळायला मार्ग नाही.

आणखी एक, जे कुणालाही लागू आहे. महाराष्ट्राच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार रुग्णालयानं दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला हवी, आणि बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही.

नकार मिळाला तर

पुण्याचं धर्मादाय सह आयुक्तांचं कार्यालय ढोले पाटील रस्त्यावर आहे. तिथे साध्या कागदावर तक्रार देता येते, वकील लागत नाही. रुग्णाचं नाव, भरतीची तारीख, पोच घेतलेला अर्ज, उत्पन्नाचा पुरावा, रुग्णालयाचं उत्तर किंवा उत्तर न मिळाल्याची नोंद, एवढं पुरेसं. रुग्ण अजून दाखल असेल तर तक्रारीच्या वरच ‘रुग्ण सध्या दाखल आहे’ असं ठळक लिहा. योजनेच्या देखरेख समितीचं अध्यक्षपद सह आयुक्तांकडेच असतं.

बाकीचे दरवाजे

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना, शुभ्र कार्डवाल्यांनाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचा आजार तिच्या यादीत असेल आणि रुग्णालय तिला जोडलेलं असेल तर आधी हीच वापरा. तिथल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडे, रेशनकार्ड आणि आधार द्या, पूर्वमंजुरी रुग्णालय घेतं. हेल्पलाइन १५५३८८. मात्र प्रत्येक धर्मादाय रुग्णालय या योजनेत असतंच असं नाही. घरातलं माणूस सत्तर वर्षांचं किंवा त्याहून मोठं असेल तर मोफत उपचारांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड आधारवरच निघतं, उत्पन्न विचारत नाहीत.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीची मर्यादा वेगळी आहे, एक लाख साठ हजार. त्यासाठी रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं आणि मदत थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते. आधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत, म्हणजे इथेही तोच पहिल्या दिवसाचा नियम. टोल फ्री क्रमांक १८०० १२३ २२११. महापालिका हद्दीत राहणाऱ्यांसाठी पालिकेची शहरी गरीब वैद्यकीय सहाय्य योजना आहे. तिचं कार्ड आजारपण येण्याआधी काढून ठेवलं तर धावपळ वाचते.

या सगळ्यात एकच कागद पुन्हा पुन्हा लागतो, उत्पन्नाचा दाखला, आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते. काकूंच्या दाखल्यासाठी यंदाचा अर्ज आम्ही मागच्या आठवड्यात सासवडच्या सेवा केंद्रात टाकला. पावतीचा फोटो चारही भावंडांच्या फोनमध्ये आहे.