मूळ-ऊतींपासून वनस्पतिनिर्मिती

मुळाचा लहान तुकडा निर्जंतुक पोषक माध्यमावर वाढवून त्यापासून फुलणारी संपूर्ण वनस्पती मिळवण्याची ही ऊती संवर्धनातील (वनस्पतीचे पेशीसमूह बाटलीत वाढवण्याच्या तंत्रातील) पद्धती आहे.

कोट्टे व रॉबिन्स या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९२२ मध्ये परस्परांपासून स्वतंत्रपणे मुळांची टोके संवर्धित केली आणि व्हाइट यांनी १९३४ मध्ये टोमॅटोची मुळे सतत वाढती ठेवून दाखवली. मात्र या मुळांना मुळेच फुटत राहिली. संपूर्ण रोप प्रथम कोणी मिळवले याविषयी मतभेद आहेत. गाजराच्या मुळातील परिकाष्ठाच्या (अन्नरस वाहून नेणाऱ्या ऊतीच्या) पेशी नारळपाणी घातलेल्या द्रवात वाढवून स्टुअर्ड यांनी १९५८ मध्ये गर्भसदृश रचना व पुढे रोपे मिळवली. राइनर्ट यांनीही गाजरावरच सुमारे त्याच वेळी तसे निष्कर्ष मांडले. स्टुअर्ड यांच्या द्रवात पेशींचे पुंजकेही असल्याने प्रत्येक रोप एकाच पेशीपासून झाले असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. त्या दृष्टीने वासिल व हिल्डेब्रांट यांचा तंबाखूच्या एकेका सुट्या पेशीवरील १९६५ मधील प्रयोग अधिक निर्णायक मानणे योग्य वाटते, जरी त्या पेशी मुळातल्या नव्हत्या.

मातीतील मुळे पूर्ण निर्जंतुक करणे अवघड असल्याने बाटलीतच रुजवलेल्या रोपाची मुळे घेतात. ऑक्सिन या वनस्पती-संप्रेरकाने युक्त माध्यमावर मुळातील परिरंभाच्या (वाहक ऊतींभोवतीच्या थराच्या) पेशी विभागून कॅलस हा पेशींचा गोळा तयार होतो; सायटोकायनिन हे दुसरे संप्रेरक अधिक असलेल्या माध्यमावर त्याला हिरवे कोंब फुटतात व शेवटी कोंबांना नवी मुळे आणवतात. कॅलस म्हणजे आधीचे स्वरूप विसरलेल्या पेशींचा गोळा, हा समज दीर्घकाळ रूढ होता. ॲराबिडॉप्सिस या प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या लहान वनस्पतीवरील २०१० मधील संशोधनानुसार तो उपमूळ (मुळाला बाजूने फुटणारे मूळ) तयार होण्याच्या मार्गानेच घडतो, आणि हेच मत आता अधिक ग्राह्य दिसते.

सोलापूर जिल्ह्यात ऊतीसंवर्धित रोपे परिचित आहेत, पण ती मुळांपासून केलेली नसतात. करमाळा भागातील केळीची रोपे मुनव्यातील कोंबाच्या शेंड्यापासून होतात (केळीचा कंद हे खोडच होय), तर डाळिंबासाठी फांदीचा शेंडा किंवा पेराचा तुकडा घेतात. सोलापूरजवळ केगाव येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. कॅलसमधून आलेल्या रोपांत आनुवंशिक फरक पडण्याचा संभव असल्याने एकसारखी बाग हवी तेथे शेंड्यापासूनचे किंवा पेरापासूनचे संवर्धनच पसंत केले जाते. बाटलीतील रोपांच्या पानांवरील मेणाचा थर पातळ असतो. त्यामुळे सोलापूरच्या कोरड्या हवेत ती थेट शेतात न लावता आधी दमट शेडनेटमध्ये कणखर करावी लागतात.