ऑथेल्लो: संशय, कपट आणि सूड

ऑथेल्लो हे शेक्सपिअरचं शोकनाटक, साधारण १६०३-०४ मधे लिहिलेलं. १ नोव्हेंबर १६०४ ला लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यात प्रयोग झाल्याची नोंद आहे, छापील प्रत मात्र १६२२ ची, म्हणजे लेखक जाऊन सहा वर्षं झाल्यावर.

गोष्ट मूळ इटालियन, चिंथिओच्या १५६५ च्या कथासंग्रहातली. तिथे कपट करणाऱ्या अधिकाऱ्याचा जीव नायिकेवर असतो, ती दाद देत नाही म्हणून तो डाव टाकतो, सरळ हिशोब. शेक्सपिअरने हा सरळपणाच घालवला. त्याचा इयागो, म्हणजे तोच कपटी अधिकारी, एकदा म्हणतो कॅसिओला लेफ्टनंट केलं मला डावललं, मग म्हणतो ऑथेल्लोचं माझ्या बायकोशी काहीतरी आहे असं लोक बोलतात, मग तोच संशय कॅसिओवर, आणि यातलं एकही कारण एवढ्या मोठ्या सूडाला पुरत नाही. इंग्रज कवी आणि समीक्षक कोलरिजला तर वाटलं की याचं वैर मुळात निष्कारणच आहे, कारणं तो मागाहून शोधत बसतो.

ऑथेल्लो हा व्हेनिसच्या चाकरीतला मूर (आफ्रिकी वंशाचा) सेनापती, काळा, परका, वयाने बराच मोठा. सिनेटरची मुलगी डेस्डेमोना बापाला न सांगता त्याच्याशी लग्न करते. तो तुर्कांशी लढायला सायप्रसला जातो, तीही जाते, पण तुर्की आरमार वादळातच वाताहत होतं, लढाई होतच नाही. लढायला आलेल्या माणसांना काही काम उरलं नाही की काय होतं ते पुढे दिसतंच.

खरं नाटक तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात आहे. सुरुवातीला बायकोवर जीव टाकणारा माणूस त्याच एका सीनच्या शेवटी गुडघे टेकून सूडाची शपथ घेतो, आणि गंमत म्हणजे (गंमत कसली) इयागो तिथे थेट आरोप करायची घाईच करत नाही. कॅसिओ निघून जाताना नुसतं पुटपुटतो की हे काही मला आवडलं नाही, ऑथेल्लोने काही विचारलं की त्याचाच शब्द परत त्यालाच ऐकवतो, आणि वर सांगतो की साहेब मत्सरापासून जपा. मत्सराला हिरव्या डोळ्यांचा राक्षस म्हणणारं ते प्रसिद्ध वाक्य त्याच्याच तोंडचं आहे. पोरीने बापाला फसवलं, तुलाही फसवेल, असं तिच्या बापानेच आधी ऐकवलेलं असतं, इयागो तेवढं आयतं वापरतो. कान भरणं म्हणजे काय ते शिकायचं तर हा सीन वाचावा.

मग रुमाल. स्ट्रॉबेरीचं भरतकाम असलेला, ऑथेल्लोच्या आईचा, त्याने डेस्डेमोनाला दिलेली पहिली भेट. तो तिच्या हातातून पडतो, एमिलिया म्हणजे इयागोची बायको उचलून नवऱ्याला देते, तो कॅसिओच्या खोलीत टाकतो, आणि कॅसिओ नक्षी उतरवून घ्यायला त्याच्या मैत्रिणीला, बियांकाला, देतो. ऑथेल्लो लपून बघतो तेव्हा कॅसिओ हसत असतो बियांकाबद्दल, याला वाटतं डेस्डेमोनाबद्दल. समीक्षक थॉमस रायमरने १६९३ मधे एवढ्याशा रुमालावर शोकांतिका म्हणून टर उडवली होती, पण मला वाटतं त्याला नाटक कळलंच नाही, संशय आधीच पक्का झालेल्याला रुमाल तरी कशाला लागतो.

शेवटी ऑथेल्लो डेस्डेमोनाला बिछान्यातच गुदमरवून मारतो, एमिलिया खरं बोलते म्हणून इयागो तिला भोसकतो, ऑथेल्लो स्वतःला संपवतो. आणि सगळ्यात जास्त बोललेला इयागो, का केलंस असं विचारल्यावर, आता एक शब्द बोलणार नाही म्हणून गप्प बसतो.

मराठीत महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मधेच भाषांतर केलं होतं. रंगभूमीवर गाजलं ते गोविंद बल्लाळ देवलांचं रूपांतर झुंझारराव (१८९०), गणपतराव जोशींच्या गाजलेल्या भूमिकांत ही एक. नंतर याच देवलांनी फाल्गुनराव लिहिलं, ज्याचं पुढे संगीत संशयकल्लोळ झालं. तिथेही बायकोवर संशय घेणारा नवरा आहे, आणि रुमालाच्या जागी घोटाळा करायला एक तसबीर, फक्त फाल्गुनरावाच्या घरात इयागो नाही, त्यामुळे लोक हसत घरी जातात.