निची, जित्सु आणि नाक चिमटीत धरण्याचा प्रयोग

मध्यंतरी मोबाइलवर एक रील आली. उगवता सूर्य, त्याचा हळूहळू होत गेलेला चौकोन आणि वर मथळा : ‘कांजी म्हणजे चित्रंच! महिन्याभरात शिका.’ (कांजी म्हणजे जपानीत वापरतात ती चिनी अक्षरं. आजारपणात घशाखाली उतरवायची ती कांजी वेगळी.)

सूर्याचं चित्र खरं आहे. तीन हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये हाडांवर आणि कासवांच्या कवचांवर कोरलेल्या लेखांत वर्तुळ आणि आत खूण म्हणजे सूर्य. पुढे वर्तुळाची उभी चौकट झाली, खुणेची आडवी रेघ. चार फटकाऱ्यांचं काम : डावी उभी रेघ, मग वरची आणि उजवी मिळून एक, मग मधली, शेवटी तळाची. आत चुकून दोन रेघा मारल्यात तर ‘डोळा’ होतो. अर्थ दोन, सूर्य आणि दिवस. जपानी मुलं हे पहिलीतच शिकतात. बहुतेक कांजी मात्र अशा चित्रांच्या नसतातच. त्यांचा एक तुकडा अर्थ सुचवतो, दुसरा उच्चार. रीलवाले ते सांगत नाहीत.

आता जपानी कॅलेंडरमधलं १ जानेवारी २०२३चं पान बघा. तारीख ‘त्सुइताची’, वार ‘निचियोबी’ म्हणजे रविवार, सण ‘गान्जित्सु’ म्हणजे वर्षाचा पहिला दिवस. तिन्ही शब्दांत हीच चौकट, निचियोबीत तर दोनदा : सुरुवातीला ‘निची’, शेवटी ‘बी’. दोन तारखेला ती ‘का’ होते (फुत्सुका). नवशिक्याला वाटतं, हे लोक मनाला येईल ते वाचतात.

तसं नाही. ‘निची’ आणि ‘जित्सु’ हा एकच चिनी शब्द आहे, जपानीत दोनदा आलेला. आपल्याकडे ‘हस्ताक्षर’मधला हस्त आणि रोजचा हात एकाच मुळाचे, पण वेगळ्या वाटांनी आलेले, तसंच. फक्त जपान्यांनी दोघांना एकच अक्षर दिलं.

मूळ उच्चार साधारण ‘न्यित्’. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास दक्षिण चीनकडचे उच्चार, बरेचसे कोरियामार्गे, जपानला पोचले. सातव्या ते नवव्या शतकात जपानी दूत आणि भिक्षू थेट चीनच्या थांग घराण्याच्या राजधानीत, चांगआनला, म्हणजे आजच्या शीआनला, जाऊन शिकले. तोवर तिथल्या बोलीत अनुनासिकांचं नाक बंद होऊ लागलं होतं. नाक चिमटीत घट्ट धरा आणि ‘मामा’ म्हणा. ‘बाबा’ ऐकू येईल. ओठांचं काम तेच, पण नाकातून हवा नाही. त्यामुळे दहा हजाराला जुना उच्चार ‘मान’, नवा ‘बान’ (‘बान्झाई’तला, शब्दशः दहा हजार वर्षं!). माणसाला जुना ‘निन’, नवा ‘जिन’. आणि आपल्या चौकटीचा ‘नि’ झाला ‘जि’.

राहिला शेवटचा त्. त्या काळच्या जपानी जिभेला व्यंजनावर शब्द थांबवणं जमेना, म्हणून तिने मागे स्वर जोडला, जसं आपल्याकडे ‘स्टेशन’पुढे इ लावून ‘इस्टेशन’ करतात. निति, जितु. पुढे ति-तुचे चि-त्सु झाले : निची, जित्सु. पण लगेच दुसरा शब्द चिकटला तर त् त्याच्यात विरघळतो. तत् + लीन = तल्लीन, हे शाळेत घोकलंय आपण. तसंच नित् + पोन (मूळ, उगम) = निप्पोन. सूर्य उगवतो तो देश, म्हणजे जपान.

जपानीतला एकटा प पुढे सैल पडत फ आणि शेवटी ह झाला. जोड प्प टिकला. म्हणून ‘निहोन’ही आहे आणि ‘निप्पोन’ही. सूर्याचा अस्सल जपानी शब्द ‘ही’ हाही एकेकाळी ‘पी’ होता. समासात मागे गेला की त्याचं पहिलं व्यंजन घोष होतं (म्हणजे उच्चारताना कंठ थरथरतो), आणि पचा घोष जोडीदार ब. निचियोबीतला ‘बी’ तो हा. आजच्या ‘ह’कडे पाहून हे कधीच कळलं नसतं.

वारांचा क्रम आपलाच : रवी, सोम, मंगळ… भारतीय ज्योतिषावरचा चिनी ग्रंथ कूकाई या भिक्षूने ८०६ मध्ये जपानला नेला, त्यातून तो तिथे गेला. सोबत शुभाशुभाचं ओझंही गेलं. ‘किचिजित्सु’ म्हणजे शुभ दिवस. आजही तो साधून तिथे लग्नं ठरतात. सूर्याला त्याची खबर नसते.

टोकियोत निहोनबाशी नावाचा भाग आहे, ओसाकात निप्पोनबाशी. लिहिताना दोन्हीकडे अक्षरं तीच.