भरतीची वेळ आणि मार्चअखेर

मुंबईत निसर्ग-अभ्यासाला व्यापाऱ्याचा हात लागला तो 'सीएसआर' (कंपन्यांनी नफ्यातून करायचे समाजकार्य) हा शब्द कुणी उच्चारण्याच्या कितीतरी आधी. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपल्याकडचे. सभा राणीच्या बागेशेजारच्या संग्रहालयात भरत. पुढच्याच वर्षी फिप्सन नावाच्या मद्यव्यापाऱ्याने फोर्टातल्या आपल्या पेढीत जागा दिली आणि गोळा केलेले नमुने तिकडे हलले. विल्यम नावाचा धनेश पक्षीही तिथेच वाढला, १९२० मध्ये तो मेला. संस्थेच्या बोधचिन्हावर आजही धनेश आहे.

शाळकरी मुलांकडे लक्ष वळले ते बरेच नंतर. डब्ल्यूडब्ल्यूएफ या जागतिक निसर्गरक्षण संस्थेची भारतातली शाखा १९६९ मध्ये मुंबईतच सुरू झाली आणि सत्तरच्या दशकात तिचे निसर्ग मंडळ शाळाशाळांत पोहोचले. धारावीच्या कडेला, मिठी नदीकाठी, कचराभूमीवर ३७ एकरांचे निसर्ग उद्यान उभे राहिले. पहिली झाडे १९८३ मध्ये लागली, लोकांसाठी फाटक उघडले १९९४ मध्ये. विक्रोळीच्या खाडीकाठी गोदरेज कुटुंबाने आपल्या जमिनीवरची तिवरे (खारफुटीची झाडे) राखली आणि १९८५ मध्ये तिथे सागरी परिस्थितिकी केंद्र काढले. आमच्या मते कंपनी आणि निसर्ग-शिक्षण यांच्या भागीदारीचा हा सर्वांत टिकाऊ नमुना. जमीन कंपनीचीच, त्यामुळे दर मार्चला उठून नवा करार करायची पाळी नाही.

पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीचा करा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बजावले. दहा वर्षांनी राष्ट्रीय हरित सेना ही शाळांसाठीची सरकारी योजना आली, इको-क्लब निघाले. वर्षाचे अनुदान मात्र काही हजारांपलीकडे गेले नाही. एका सहलीच्या बसभाड्यातच ते संपते.

मोठा पैसा आला १ एप्रिल २०१४ पासून. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी काहीही एक असले की मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करणे आले. एकदाच होणारे कार्यक्रम त्यात धरले जाणार नाहीत, हे त्याच वर्षीच्या जूनमधल्या परिपत्रकाने स्पष्ट केले. म्हणून ५ जूनचा, पर्यावरणदिनाचा रोपे-आणि-फोटो सोहळा मागे पडून वर्षभराचे शालेय प्रकल्प निघू लागले. सोहळा पुरता थांबला, असे मात्र नाही.

खरी अडचण तारखांची. वार्षिक आर्थिक निकालानंतर कंपनीचे संचालक मंडळ मे-जूनमध्ये निधी मंजूर करते, करारावर सह्या होईतो ऑगस्ट उजाडतो, पहिला हप्ता हातात पडेपर्यंत दिवाळीची सुट्टी लागते. फुलपाखरांचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर, म्हणजे तो गेलाच. रोहित पक्षी (फ्लेमिंगो) साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत खाडीत असतात, पण मार्च लागला की शाळा परीक्षेला बसतात. हाती उरतात डिसेंबर ते फेब्रुवारी. जानेवारी २०२१ च्या दुरुस्तीने एक वाट दिली: प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर असेल तर मार्चअखेर उरलेली रक्कम ३० दिवसांत स्वतंत्र खात्यात टाकून पुढची तीन वर्षे वापरता येते. ठरावात तो शब्द नसेल तर उरलेला पैसा सहा महिन्यांत सरकारी निधीत भरावा लागतो. सही करण्याआधी ठरावाची प्रत मागून घ्यावी.

अंदाजपत्रकात आणखी एक जागा फसवी आहे. प्रशासकीय खर्चावरची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला आहे, प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेच्या नव्हे. तरी संस्था घाबरून मार्गदर्शकाचे मानधनच कापतात. मग ५० मुलांमागे एक माणूस उरतो. मागच्या रांगेतल्याला काही ऐकू येत नाही आणि तो बिचारा चिप्सचे पाकीट फोडतो. १०-१२ मुलांमागे एक मार्गदर्शक आणि दोघांत एक दुर्बीण, याखाली उतरू नये.

आणि भरती. शिवडीच्या खाडीत पूर्ण ओहोटीला रोहित इतके लांब असतात की चिखलावर नुसती गुलाबी रेघ दिसते. पूर्ण भरतीत चिखलच बुडतो आणि थवे उठून जातात. पाणी चढत किंवा उतरत असताना ते जवळ येतात. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. बस दहाला पोहोचणार असेल तर पौर्णिमा-अमावास्येलगतचा दिवस धरावा, त्या वेळी पाणी चढत असते. अष्टमीला त्याच दहा वाजता ते बरेच मागे गेलेले असते. तारीख कंपनीच्या पाहुण्याच्या सोयीने ठरली की हेच चुकते. पाहुणा येतो, रोहित दिसत नाहीत.

अशा दिवशी तिवराचे पान हाताशी असते. उलटून बोट फिरवले की खालच्या बाजूला मिठाची कणी लागते. मुले ती चाटून पाहतात आणि झाड खारे पाणी पचवते कसे, हे विचारतात.

अहवालात याला रकाना नाही. तिथे 'लाभार्थी संख्या' असते, आणि सभागृहात ४० मिनिटे स्लाइड पाहिलेली ३०० मुले खाडीवर तीनदा गेलेल्या ३० मुलांपेक्षा दहापट भरतात. परिणामांचे स्वतंत्र मूल्यमापन सक्तीचे आहे ते १ कोटी व त्यावरील प्रकल्पांनाच, तेही कंपनीचे सरासरी सीएसआर दायित्व १० कोटी किंवा जास्त असेल तर. मुंबईतले बहुतेक शालेय प्रकल्प या रेषेच्या बरेच खाली असतात. त्यांच्यासाठी साधी चाचणी पुरते: जूनमध्ये आणि फेब्रुवारीत प्रत्येक मुलाला शाळेच्या आवारातली पाच झाडे ओळखायला सांगायची आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहायचे.