राखेने भांडी घासतात, गाडी नव्हे

९ सप्टेंबर २०२० रोजी कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को आणि भोवतालच्या बे एरियात दिवस नीट उजाडलाच नाही. वणव्यांचा धूर समुद्रावरून येणाऱ्या धुक्याच्या वर पसरला, त्यातील कणांनी सूर्यप्रकाशातील निळा भाग विखरून आणि शोषून टाकला, आणि भर दुपारी मोटारींचे दिवे लावावे लागतील असा नारिंगी अंधार झाला. त्या दिवसांत घराबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांवर करड्या राखेचा पातळ थर साचत होता. बोट फिरवले की रेघ उमटावी, इतकाच. अशा वेळी हात आपोआप फडक्याकडे जातो. रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसलेली गाडी पाहत वाढलेल्या आणि आता तिकडे स्थायिक झालेल्या मराठी माणसाचा तर हमखास जातो. गाडीचे सर्वांत जास्त नुकसान नेमके त्या फडक्याने होते.

याचे कारण आपल्या आज्यांच्या मोरीत सापडते. चुलीतली राख नारळाच्या शेंडीवर घेऊन भांडी घासत, तेव्हा ती राख दोन कामे करत असे. तिच्यातील बारीक, कठीण कण चिकटलेले करपट खरवडून काढत आणि पोटॅशियम कार्बोनेटसारखे क्षार पाण्यात विरघळून तेलकटपणा तोडत. पितळेच्या पातेल्याला हे दोन्ही मानवते. गाडीच्या रंगाला यातले एकही मानवत नाही.

आधुनिक मोटारीच्या रंगावर ‘क्लिअर कोट’ नावाचा पारदर्शक प्लॅस्टिकसदृश थर असतो. गाडीची चकाकी ही खरे तर या थराची चकाकी असते. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी, आणि राखेत मिसळलेल्या वाळूच्या किंवा काचेच्या कणांपुढे तो चांगलाच मऊ. कोरड्या फडक्याखाली हे कण सापडले की प्रत्येक फेऱ्यागणिक सूक्ष्म चरे पडतात, आणि मग उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसू लागतात. साखर कारखान्याच्या धुराड्याजवळ राहणाऱ्यांना हा अनुभव नवा नसावा, कारण उसाच्या चिपाडाच्या राखेतही सिलिका, म्हणजे वाळूचाच मुख्य घटक, भरपूर असते.

दुसरा धोका रासायनिक आहे आणि तो रात्री काम करतो. कोरडी राख रंगावर नुसती पडून असते तोवर फारसे काही घडत नाही. पहाटे दव पडले की राखेतील क्षार त्यात विरघळतात आणि दहाच्याही पुढे सामू (pH) असलेले अल्कधर्मी पाणी तयार होते. सकाळी ऊन चढू लागले की तो थेंब आटत जातो, म्हणजे उरलेले द्रावण अधिकाधिक तीव्र होत जाते, आणि नेमक्या त्याच वेळी खालचा पत्रा तापत असल्यामुळे अभिक्रियेचा वेगही वाढतो. थेंब वाळला की मागे एक पांढरट कडे उरते. ते पहिल्या दिवशी पाण्याने निघते. आठवडाभर तसेच राहिले तर कधीकधी पॉलिश करूनही निघत नाही. मेणाचा थर अशा वेळी स्वतः झिजून रंगाला काही दिवस वाचवतो, मात्र क्षारांनी तो विरत असल्यामुळे धुतल्यावर पुन्हा लावावा लागतो.

वणवा वस्तीत शिरला तर राखेचे स्वरूपच बदलते. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅराडाइज या गावाला गिळणाऱ्या ‘कॅम्प फायर’ नावाच्या वणव्यात ८५ माणसे दगावली आणि १८,०००हून अधिक इमारती जळाल्या. तिथे मोटारींची ॲल्युमिनियमची चाके वितळून त्यांचे ओघळ जमिनीवर थिजले होते. हा धातू ६६० अंश सेल्सियसला वितळतो. जुने रंग, वायरी, प्लॅस्टिक असे सारे काही त्या आगीत होते, आणि धुरात शिशाचे प्रमाण नेहमीपेक्षा पुष्कळ वाढलेले आढळले. तेव्हा अशी राख धुताना मास्क आणि हातमोजे हवेत, आणि ब्लोअरने ती उडवू तर मुळीच नये.

धुण्याची रीत सोपी आहे, फक्त क्रम चुकता कामा नये. आधी हात न लावता, टपापासून खाली, नळीने भरपूर पाणी सोडावे. ओल्या फडक्याने पुसणे हा मधला मार्ग वाटतो, पण त्याने राखेची पेस्ट होते, आणि पेस्टने आपण भांडी घासतो. राख वाहून गेल्यावरच सौम्य शाम्पू आणि मायक्रोफायबर कापड घ्यावे. फिरत्या ब्रशांच्या धुलाई केंद्रापेक्षा फक्त पाण्याच्या फवाऱ्याने धुणारे केंद्र बरे, कारण त्या ब्रशांत आधीच्या दहा गाड्यांची राख अडकलेली असू शकते. कोरड्या काचेवर वायपर चालवू नयेत. कव्हर घालायचे तर स्वच्छ गाडीवरच घालावे; राखेवर घातलेले कव्हर वाऱ्याने हलत राहिले की सँडपेपरचे काम करते.

काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी असलेली जाळी बहुतेकांच्या नजरेतून सुटते. गाडीत येणारी बाहेरची हवा बहुधा तिथूनच आत शिरते, म्हणून तिथे साचलेली राख पुढचे कित्येक दिवस पंख्याबरोबर आत येत राहते. जळक्या पानांचे तुकडे आधी हाताने उचलून मगच ती धुवावी.

धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. गाडीत येणारी हवा गाळणारा साधा केबिन फिल्टर त्यांतील थोडेच अडवतो. सक्रिय कोळशाचा फिल्टर वासाचे वायूही बऱ्यापैकी शोषतो, परंतु कार्बन मोनॉक्साइड दोन्हींतून निसटतो. धुरातून जाताना काचा बंद करून एसी आतलीच हवा फिरवील असा ठेवावा. मात्र चार माणसे बसलेल्या गाडीत आपल्याच श्वासातला कार्बन डायऑक्साइड लवकर साचतो आणि चालकाला जडपणा येतो, म्हणून धूर विरळ असेल तिथे काही मिनिटे बाहेरची हवा घ्यावी. वणव्यांचा हंगाम सरल्यावर केबिनचा फिल्टर बदलावा आणि इंजिनाचा तपासून घ्यावा. केबिनचा कागदी फिल्टर झटकून परत बसवण्याचा मोह टाळावा, कारण झटकल्याने फक्त मोठी राख पडते. धुराचे चिकट कण धाग्यांना धरूनच राहतात आणि एसी लावला की जळका वास पुन्हा येतो.